समोरच्या घरातली बिअर

समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचा मला राग येतो तो कायद्यामुळे, असं त्या उन्हाळ्यात मी बायकोला पुन्हा पुन्हा सांगत होतो. इथे दुबईत घरात बिअर बनवणं नियमात बसत नाही. उद्या कोणी तक्रार केली तर त्याचा व्हिसा जाईल, आणि आपला मुलगा तिथे सापडला तर त्याचाही जाईल. यातला शब्द न् शब्द खरा होता. बायको गवार मोडत ऐकून घ्यायची. एकदा तिने मान वर करून विचारलं, "तुम्हाला भीती व्हिसाची वाटतेय की त्या शेजाऱ्याची?" मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

पोटात माझ्या दुखत होतं, आणि का दुखतंय ते तिला बरोबर कळलं होतं.

आमचा मुलगा इथेच, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये वाढला. शाळा इथली, कॉलेज इथलं, आणि नोकरी मेट्रोने चार स्टेशनांवर, अल बर्शाच्या बाजूला. एप्रिलमध्ये त्याला नेदरलँड्सची ऑफर आली आणि ऑगस्टच्या शेवटी निघायचं असं ठरलं. म्हणजे तो उन्हाळा त्याचा आमच्या घरातला शेवटचा होता. मी मनात बरेच बेत केले होते. एक दिवस फुजैराहच्या समुद्रावर जाऊ, एकदा डोंगरावर जाऊ, संध्याकाळी खाली तळ्याकाठी फेऱ्या मारू. प्रत्येक बेतावर त्याचं उत्तर एकच, "लेटर, बाबा." ऑफिसातून यायचा, कानात हेडफोन असायचे, आणि सरळ खोलीत. मी विचारायचो, "काय चाललंय?" तो म्हणायचा, "नथिंग." मी विचारायचो, "जेवलास का?" तो म्हणायचा, "येस." एवढ्यात आमचं संभाषण आटपायचं. पोरं मोठी झाली की असंच असतं अशी मी स्वतःची समजूत घातली होती, आणि ती बऱ्यापैकी टिकलीही होती. समोरच्या फ्लॅटमध्ये ती बादली आली नसती तर पुढेही टिकली असती.

समोरचा हा मूळचा डोंबिवलीचा, पस्तिशीचा. त्या वर्षी जानेवारीतच दुबईत आलेला. कपाळ मागे सरकलेलं, तरी मला बिनदिक्कत "काका" म्हणायचा, आणि माझ्या मुलाला मात्र "अरे दोस्ता". मुलगा त्याला "दादा" म्हणायचा. जूनमध्ये शाळा संपल्या आणि इथल्या रिवाजाप्रमाणे त्याची बायको आणि लहान मुलगी दोन महिन्यांसाठी माहेरी गेल्या. हा एकटाच मागे उरला. त्याच सुमारास त्याचा स्कॉटिश साहेब निवृत्त होऊन कायमचा मायदेशी निघाला. इथून कायमचं जाणारा माणूस घरातलं काहीबाही वाटून टाकतो. कोणाला कुंड्या मिळतात, कोणाला मायक्रोवेव्ह. याला मिळाली एक पेटी. तिच्यात घरी एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, बनवायचं सगळं सामान होतं. तोटीवाली मोठी बादली, झाकणावर बसवायची वाकडी काचेची नळी, लांब दांड्याचा चमचा, यीस्टच्या पुड्या आणि माल्टच्या पाकाचे दोन डबे.

एका संध्याकाळी त्याने आमची बेल वाजवली. त्याला मोठं पातेलं हवं होतं, बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींच्या गणपतीला आम्ही ज्यात मसालेभात करतो ते. दार मुलाने उघडलं. मी सोफ्यावर होतो.

"कशाला रे एवढं मोठं?" बायकोने आतून विचारलं.

"काकू, एक प्रयोग करतोय," तो हसत म्हणाला, आणि मुलाकडे बघून हळूच म्हणाला, "एल बनवायचीय. किट मिळालंय."

"नो वे!" माझा मुलगा म्हणाला. इतक्या उत्साहाने तो आमच्या घरात कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. हेडफोन काढून त्याने टेबलावर ठेवले आणि पातेल्याचा एक कान धरून त्या माणसाबरोबर समोर गेला. दार लागलं. हेडफोन टेबलावरच राहिले.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो तिकडे. स्वतःचं जेवलेलं ताट कधी न उचलणारा माझा मुलगा तिथे ती बादली तीनदा घासून, जंतुनाशकाच्या पाण्याने खळखळून धुवायचा, हे मी उघड्या दारातून पाहिलं. काकवीसारखा काळपट घट्ट पाक डब्यातून ओतताना दोघं काहीतरी बोलून खो खो हसत होते. मी तेव्हा कचऱ्याची पिशवी टाकायला निघालो होतो. पिशवीत एक केळ्याचं साल होतं. पुढच्या आठवड्यात आमच्या घरचा कचरा दिवसातून अनेक वेळा टाकला जाऊ लागला. बायकोने एकदा रिकामी पिशवी माझ्या हातात देऊन म्हटलं, "ही राहिली."

आता कोणी विचारेल, एवढं वाटत होतं तर जाऊन बसायचं होतं त्यांच्यात. इथेच तर घोडं पेंड खात होतं. मी मुलासमोर पीत नाही. पितो, पण मुलासमोर नाही. आमच्या पिढीतल्या बऱ्याच घरांत हा नियम आहे आणि तो कोणी केला ते कोणालाच माहीत नाही. मुलगा रांगायला लागला तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी माझी बिअर स्टीलच्या उंच पेल्यात येते. बायको ती स्वयंपाकघरातच ओतते, कॅन वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात तळाशी ठेवते, आणि पेला माझ्या हातात देताना चारचौघांत म्हणते, "हे घ्या ताक." मुलगा चोवीस वर्षांचा झाला तरी ताक चालूच होतं. त्याच्या डोळ्यांसमोर मी परक्या घरात जाऊन बिअरच्या बादलीशेजारी बसणार तरी कोणत्या तोंडाने?

म्हणून मी कायद्याबद्दल बोलत होतो.

पहिल्या बादलीत काही झालंच नाही. एका रात्री जेवताना मुलगा आईला म्हणाला, "इट्स डेड, आई. एक पण बबल नाही. वी डिड एव्हरीथिंग राइट." मला मनातून उकळ्या फुटल्या. मी आमटी वाढून घेतली आणि अगदी सहज विचारलं, "पाणी कुठलं घातलंत?"

"टॅप वॉटर. लिहिलंय ना, टॉप अप विथ कोल्ड वॉटर."

"थंड पाण्याच्या नळाचं?"

"ऑफ कोर्स."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, जुलै महिन्यात दुबईत थंड पाण्याच्या नळाला थंड पाणी येतं असं तुम्हाला सांगितलं कोणी? गच्चीवरच्या टाक्या दिवसभर भाजून निघतात. त्या पाण्यात हात धरवत नाही, यीस्ट काय जगणार? मे लागला की मी घरातले गीझर का बंद करतो, कधी विचार केलास? गीझरच्या टाकीतलं पाणी एसीत पडून पडून निवतं. इथे उन्हाळ्यात थंड पाणी हवं असेल तर गरम पाण्याचा नळ सोडायचा. मग ओघात मी त्याला मी इथे आलो त्या पहिल्या उन्हाळ्याची गोष्ट सांगितली. जुन्या दुबईत, देऱ्यात, एका खोलीत आम्ही चौघं बॅचलर राहायचो, आणि आंघोळीसाठी रात्रीच बादल्या भरून खाटेखाली ठेवायचो. एकाने भल्या पहाटे अंधारात माझी बादली ओढून घेतली म्हणून आमची मारामारी झाली होती. मुलगा हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत होता. "यू फॉट? फॉर वॉटर?" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत हसू होतं. मी खुर्चीत ताठ बसलो.

"वेट, दादाला सांगून येतो," तो म्हणाला, हात धुतले आणि गेला.

मी सांगितलेली अक्कल घेऊन तो त्याच्याकडे गेला. माझ्या देऱ्यातल्या बादलीवर तिकडे हशा पिकलेला मला दाराआडून ऐकू आला. माझी आमटी निवून गेली होती. यीस्टला मारणारं पाणी मला त्या क्षणी कुठेतरी दुसरीकडे ओतावंसं वाटत होतं.

दुसऱ्या डब्याची बिअर मात्र लागली. गीझरचं पाणी, वर फ्रिजमधल्या थंड पाण्याच्या बाटल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्या वाकड्या नळीतून बुडुक बुडुक आवाज येऊ लागला. मुलाने त्याचा व्हिडिओ काढून आईला दाखवला. मला दाखवला नाही. मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागून पाहिला.

आणि मग समोरचा एसी बंद पडला. मेंटेनन्सवाला येऊन वर बघून "कॉम्प्रेसर खलास, टुमॉरो इन्शाल्ला" म्हणून निघून गेला. घर तापायला लागलं. अशा उकाड्यात बिअर एका दिवसात आंबून वाया जाते म्हणे. शनिवारची संध्याकाळ होती. टीव्हीवर मॅच, समोर चकली आणि शेंगदाणे, हातात पेला. बेल वाजली आणि दोघं बादली दोन्हीकडून धरून आमच्या दारात उभे राहिले. घामाने निथळत होते.

"काका, फक्त चार-पाच दिवस," समोरचा म्हणाला. "तुमच्या बाथटबमध्ये पाणी भरून त्यात ठेवतो. प्लीज."

मला संधी सापडली. महिनाभर साचलेलं सगळं बाहेर आलं. "हे पाहा," मी म्हटलं, "तुमच्या घरी तुम्ही काय करता तो तुमचा प्रश्न आहे. पण इथे कायदा कडक आहे. आणि दुसरं म्हणजे, या घराला काही वळण आहे. या घरात दारू येणार नाही."

मुलाने बादली तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "बाबा," तो म्हणाला, "इट्स सॅटर्डे. व्हॉट्स इन युअर ग्लास?"

"ताक," मी म्हणालो.

"ताकाबरोबर चकली कोण खातं? आय नो सिन्स ग्रेड फोर, बाबा. ताकाला फेस येत नाही असा."

स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. समोरचा माणूस कसोशीने जमिनीकडे बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. हसायचं होतं तर मोठ्याने हसला असता तरी मला कमी लागलं असतं. इतकी वर्षं जपलेली अब्रू गेली ती गेली, पण नेमकी त्याच्यासमोर गेली. मी सोफ्यावर सरकून वाट दिली. बादली आत गेली.

मला वाटलं होतं, बादली आपल्या घरात आली म्हणजे मुलगाही घरात राहील. राहिला, पण एकटा नाही. रोज संध्याकाळी तो माणूस चपला दाराशी काढून यायचा आणि दोघं पाहुण्यांच्या बाथरूममध्ये बसायचे, एक टबाच्या कडेवर, दुसरा आंघोळीच्या उलट्या बादलीवर. टबातल्या पाण्यात बर्फाच्या बाटल्या बदलायला एवढा वेळ लागत नाही हे मलाही कळत होतं. त्याच्या बोलण्याचा आवाज यायचा आणि मधूनच मुलाचं हसू. बायकोने एकदा तिथे कांदेपोहे पोचवले. बाथरूममध्ये पोहे! आणि मी बाहेर हॉलमध्ये माझ्याच घरात पाहुण्यासारखा बसलेलो. ती म्हणायची, "जा ना आत. तुम्हाला कोणी अडवलंय?" मी म्हणायचो, मला त्यात काडीचाही रस नाही. एकदा तो गेल्यावर मी एकटाच आत गेलो. दार लावून त्या बादलीकडे बघत उभा राहिलो. बुडुक, बुडुक. माझ्या मुलाच्या संध्याकाळी या प्लॅस्टिकच्या भांड्याने आणि त्या डोंबिवलीकराने खाल्ल्या, असा विचार मनात आला. पन्नाशी उलटलेला माणूस मी, एका बादलीवर जळत होतो. ते कळूनही जळणं थांबलं नाही.

बुडबुडे थांबल्यावर बाटल्या भरायचा दिवस आला. सोड्याच्या, ज्यूसच्या, साहेबाने दिलेल्या जाड तपकिरी बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीत चमचाभर साखर टाकून वर नळीने बिअर भरायची होती. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, नळी धरतोस? वी नीड अ थर्ड हँड."

इतके दिवस मी याच बोलावण्याची वाट पाहत होतो. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला कामं आहेत." काम कसलंही नव्हतं. तिसरा हात म्हणून जायला माझा जीव तयार नव्हता, मला पहिला हात व्हायचं होतं. मुलाने खांदे उडवले. नळी शेवटी बायकोने धरली, आणि आतून तिच्याही हसण्याचा आवाज येऊ लागला.

भरलेल्या बाटल्या तीन आठवडे अंधारात ठेवायच्या असतात, तेव्हा कुठे आत फेस धरतो. बायकोच्या साड्यांच्या कपाटात खालच्या खणात त्या ठेवल्या. मुलाचं विमान त्याआधी होतं. म्हणजे स्वतः केलेली बिअर त्याला मिळणार नव्हती. आणि लाज वाटते, पण मला जरा बरं वाटलं. तिची पहिली बाटली ते दोघं हसत खिदळत फोडणार नव्हते.

निघायच्या दिवशी मुलगा म्हणाला, "यू गाईज ओपन इट. टुगेदर. दादाशिवाय उघडायची नाही, बाबा. प्रॉमिस?" मी हो म्हणालो. बॅगा लिफ्टमध्ये गेल्या. त्याने आईला वाकून नमस्कार केला, मला वाकून नमस्कार केला. मग समोरच्याला मिठी मारली. चांगली घट्ट, पाठीवर थापा मारत. मला नमस्कार आणि त्याला मिठी. मला मिठी हवी होती. विमानतळावरून परत येताना गाडीत बायको डोळे पुसत होती, आणि मी सिग्नलला थांबलो की त्या मिठीचा विचार करत होतो.

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या, समोरच्याची बायको-मुलगी परतल्या. एका शनिवारी संध्याकाळी तो आला. बायकोने न विचारता काचेचे दोन ग्लास काढून समोर ठेवले आणि देवळात जायचंय सांगून समोरच्या घरातल्या मायलेकींबरोबर निघून गेली. आम्ही दोघंच उरलो. बाटलीचं झाकण उडालं, फेस ग्लासाच्या काठावरून खाली आला. रंग सुरेख होता. चव थोडी कडवट, मागून जराशी गोडसर. मला त्यात खोट काढायची फार इच्छा होती, पण ती चांगली झाली होती.

पहिला ग्लास आम्ही हवापाण्यावर संपवला. दुसरा भरल्यावर माझा धीर सुटला. मी म्हटलं, "एक विचारू? तो तुमच्याशी एवढं काय बोलायचा हो?"

तो गोंधळला. "तो?" म्हणाला. "काका, तो कुठे बोलायचा? मीच बोलायचो."

"म्हणजे?"

"म्हणजे मीच. बायको, मुलगी तिकडे. इथे ऑफिसात प्रोबेशन, नवा मॅनेजर रोज अंगावर ओरडायचा. नोकरी राहते की जाते तेच कळत नव्हतं. घरी फोनवर सांगितलं तर ती घाबरणार. मग याला सांगायचो. माझे एकेक गाढवपणे सांगायचो, तो हसायचा. एकदा तर मी त्याच्यासमोर रडलो. तो काही बोलला नाही, शेजारी बसून राहिला." त्याने ग्लास खाली ठेवला. "फार छान ऐकतो हो तुमचा मुलगा. तुम्हाला तर माहीतच असेल."

"हो," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षं मी त्याला प्रश्न विचारत आलो. मार्क किती, जेवलास का, काय चाललंय. माझं काय चाललंय ते कधी सांगितलं नाही. मध्ये एक वर्ष माझीही नोकरी अशीच टांगणीला लागली होती. तेव्हा आम्ही नवराबायको बेडरूमचं दार लावून कुजबुजायचो आणि बाहेर येऊन त्याला सांगायचो, सगळं ठीक आहे. ज्या मुलापुढे रडता येतं असा मुलगा माझ्या घरात होता आणि त्याचा उपयोग समोरच्याने केला. मुलगा असा आहे हे त्या माणसाला एका उन्हाळ्यात कळलं होतं. यापेक्षा ते दोघं माझ्यावर हसले असते तरी चाललं असतं.

समोरचा उठून गेला. मी एकटा बसून राहिलो, मग फोन लावला.

"बाबा? एव्हरीथिंग ओके?" पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

जेवलास का, असं ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"नाही," मी म्हटलं. "ओके नाही. उन्हाळाभर मला त्या समोरच्याचा फार हेवा वाटला. अजून वाटतोय. ऐकायला वेळ आहे?"

पाण्याचा नळ बंद झाला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सांग, बाबा," तो म्हणाला.